न आलेला राग

मोटारसायकलचं हँडल माणिकरावांच्या कोपराला लागलं, हातातली मेथीची जुडी नळाच्या सांडपाण्यात पडली, आणि गाडीवरचा पोरगा उलट त्यांच्याच अंगावर खेकसला, "दिसत नाही का बे म्हाताऱ्या?" माणिकराव म्हणाले, "दिसते बेटा. जा तू." चिखलीच्या भाजीबाजारात, सकाळच्या भर गर्दीत हे घडलं. त्यांनी मेथी उचलली, झटकली, पिशवीत टाकली आणि रसवंतीच्या टपरीपर्यंत चालत आले. तिथं ते थांबले. काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटत होतं. खिसा चाचपला, पाकीट होतं. चष्मा नाकावर होता. मग त्यांच्या लक्षात आलं, की राग यायचा राहिला आहे. ते टपरीच्या सावलीत उभे राहिले आणि उशिरा सुटलेल्या गाडीची वाट पाहावी तशी रागाची वाट पाहू लागले. पोराचा चेहरा आठवला, त्याचं 'बे' आठवलं, म्हाताऱ्या हा शब्द तर दोनदा मनाशी म्हणून पाहिला. छातीत काही हललं नाही. कानशिलं गार. रसवंतीवाल्यानं विचारलं, "काका, देऊ का एक गिलास?" तेव्हा ते भानावर आले आणि नको म्हणून घराकडे निघाले.

माणिकराव हिवाळ्यांना राग न येणं ही काही साधी गोष्ट नव्हती. चिखलीच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. रिटायर होऊन एक तप उलटलं, तरी स्टँडवरची जुनी माणसं अजून सांगतात, की हिवाळे साहेब खिडकीबाहेर आले की उभ्या गाड्या आपोआप मागे सरकायच्या. थोडी अतिशयोक्ती असेल, पण थोडीच. त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर होता म्हणणं म्हणजे त्याला कमी लेखणं; तो नाकाच्या चार हात पुढून चालायचा. बरं, हा राग उगाच कुणा गरिबावर जायचा नाही. फाट्यावर शाळेच्या पोरी पाहूनही गाडी न थांबवणारा ड्रायव्हर, म्हातारीला खिडकीवरून हाकलणारा बाबू, आडनाव ऐकून सूर बदलणारा साहेब, ही त्याची गिऱ्हाइकं. त्यांची मुलगी समता शाळेत असताना तिला बक्षीस द्यायच्या वेळी रांगेत मागे सरकवलं, तेव्हा ते हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन असे गरजले होते, की सगळे वर्ग बाहेर आले. बारा वर्षांची समता त्यांचा सदरा मागून ओढत होती. घरी आल्यावर ती म्हणाली होती, "बाबा, तुम्ही आता माह्या शाळेत येत जाऊ नका." त्यांना वाईट वाटलं नव्हतं. पोरगी मोठी झाली की समजेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

पण घराच्या फाटकाची कडी काढताना त्यांना बोचलं ते दुसरंच. 'दिसते बेटा, जा तू' हा आवाज त्यांचा नव्हता. तो बापाचा होता. लहानपणी अमडापूरच्या शाळेत तपासणीला साहेब येणार होते त्या दिवशी मास्तरांनी वस्तीतल्या पोरांना ओट्यावर बसवलं होतं. आज आत जागा कमी आहे म्हणाले होते. आत दोन बस्करं रिकामी होती आणि माणिकला ती दारातून दिसत होती. तेवढ्यात बाप डोक्यावर जळतणाची मोळी घेऊन आला. शाळेचं जळतण तोच टाकायचा. त्यानं पोरांकडे पाहिलं, रिकाम्या बस्करांकडे पाहिलं आणि मास्तरांना हसून म्हणाला, "चालते जी. बाहेर हवा लागते पोराइले." त्या हसण्यानं माणिकच्या पोटात जो चटका बसला तो त्याच्या आयुष्यातला पहिला राग. मास्तरांचा नव्हे, बापाचा. बाप मरेपर्यंत चालते जी, चालते जी करत राहिला आणि कोणीही त्याला काहीही चालवून घ्यायला लावलं. माणिकरावांनी ठरवून टाकलं होतं, की आपल्या तोंडून हे शब्द निघायचे नाहीत. राग होता म्हणून ते निघाले नव्हते. आता राग गेला, तर खाली काय उरणार? खाली बापच असणार, मोळी घेऊन, हसत. या विचारानं त्यांना मेथी निवडायला बसवेना. बायको जनकाबाई म्हणाल्या, "तोंड असं काऊन केलं? कोणाशी भांडून आले का?" माणिकराव म्हणाले, "नाही ना. तेच तं."

त्याच संध्याकाळी समताचा फोन आला. ही त्यांची एकुलती एक मुलगी. बुलढाण्याला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, चाळिशी ओलांडलेली, एकटी राहते आणि त्यात खूश आहे. राहत्या घराचा मालक ते पाडून नवं बांधणार होता म्हणून ती जागा शोधत होती. जागा सापडलीही होती. सिंधूताई नावाच्या बाईंच्या घरी वरच्या दोन खोल्या, खिडकीतून घाट दिसतो, असं तिनं आठवड्यापूर्वी मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. बाईंनी तिला चहा पाजला, पडद्यांचं माप घ्यायला टेप दिला. मग करारनाम्यासाठी पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी सिंधूताईंचा निरोप आला, की भाचा राहायला येतोय. "मी आज तिकडून गेले बाबा," समता म्हणाली. "खोल्या भाड्यानं देणं आहे, ही पाटी तशीच लटकून राह्यली." तिचा आवाज सरळ होता, फळ्यावर उदाहरण सोडवताना असतो तसा. मग ती म्हणाली, "तुम्ही येता का रविवारी? तिच्याशी बोला. तुमच्यासारखं बोला." जी मुलगी आयुष्यभर 'तुम्ही येऊ नका' म्हणत आली, तिनं पहिल्यांदाच बापाचा राग मागितला होता. माणिकराव म्हणाले, "येतो." फोन ठेवून ते खाटेवर बसले. आता तरी येईल म्हणून त्यांनी डोळे मिटले. बाईचं न पाहिलेलं तोंड डोळ्यांपुढे आणलं, पाटी आणली, पडद्यांचं माप आणलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्वयंपाकघरात जनकाबाई कणीक तिंबता तिंबता त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, आणि माणिकराव बायकोकडे चक्क हेव्यानं पाहत राहिले.

सकाळी ते डॉक्टर नौमानच्या दवाखान्यात जाऊन बसले. नौमान म्हणजे रहेमतुल्लाचा मुलगा. रहेमतुल्ला स्टँडवरचा जुना ड्रायव्हर, माणिकरावांचा जिवाचा दोस्त. नौमाननं आधी रक्तदाब पाहिला, हात पुढे करायला लावले, बोटं नाचवायला लावली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. झोप येते का, भूक लागते का, कशात मन लागत नाही असं होतं का, रडू येतं का, घरच्यांची नावं विसरता का, असं सगळं विचारलं. सगळं ठाकठीक होतं. मेथीची भाजी गोड लागत होती, झोप तर लहान पोरासारखी. "मग तकलीफ काय आहे चाचा?" त्यानं विचारलं. माणिकराव म्हणाले, "राग येत नाही." नौमान हसणार होता, पण चाचांचा चेहरा पाहून त्यानं हसू गिळलं. खुर्ची जवळ ओढून तो म्हणाला, "हे पाहा चाचा, मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या रसायनांच्या भाषेत. एक डोपामिन आहे; हे कर, ते मिळव, असं मागे लागते. एक नॉरअ‍ॅड्रेनालिन आहे. धोका दिसला की सगळ्या अंगाले जागं करते, छाती धडधडते, कान तापतात. वय वाढते तसे हे रस हळूहळू कमी होतात, ते घेणारे दरवाजेही कमी होतात. हे सगळ्याइचंच होते. बीमारी नाही." माणिकरावांनी विचारलं, "मंग माहा राग म्हणजे एवढुसा रसच होता का?" नौमान म्हणाला, "रस म्हणजे पेट्रोल, चाचा. गाडी कुठं न्यायची ते रस नाही सांगत. अन् खरं सांगू का, रागाचं सगळं गणित आमालेही कळलेलं नाही. बरेच लोक म्हातारपणी शांत होतात, ते रस कमी झाल्यानं का जिंदगी पाहिल्यानं, कोण सांगावं?" माणिकरावांनी अगदी कामाचं विचारलं, "वाढवाची गोळी आहे का? रविवारपुरती?" नौमान म्हणाला, "आहे, पण तुमाले देणार नाही. अब्बा मले घराबाहेर काढतील."

गोळी नाही तर नाही. माणिकराव तिथून थेट रहेमतुल्लाकडे गेले. या दोघांचं एक जुनं तंत्र होतं. रहेमतुल्ला मेहकरची पहिली गाडी चालवायचा, आणि माणिकराव ती सोडायचे, पण भांडण झाल्याशिवाय ती कधी सुटली नाही. टायर, डिझेल, कंडक्टर, जे हाती लागेल त्यावरून दोघं सगळ्या स्टँडसमोर एकमेकांना असे फाडून खायचे, की नवा प्रवासी घाबरून खाली उतरायचा. गाडी वेळेवर निघायची. परतीला दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे आणि सकाळच्या भांडणाचा शब्द निघायचा नाही. भांडल्याशिवाय इंजिन गरम होत नाही, असं रहेमतुल्ला म्हणायचा. तर आता माणिकराव त्याला म्हणाले, "मले शिव्या दे. मनापासून दे." रहेमतुल्लानं कारण विचारलं नाही. त्यानं टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. नियंत्रक नव्हतास तू, खिडकीतलं बुजगावणं होतास. तुझ्या घड्याळावर माझी बकरीसुद्धा चालली नसती. माणिकराव डोळे बारीक करून ऐकत होते. रहेमतुल्ला मग खालच्या पायरीला उतरला. "अन् तुहा बाप. चालते जी, चालते जी. तू बी तसाच निघाला ना बे शेवटी." ही जागा नेमकी होती. एके काळी एवढ्यावर त्यांनी त्याची कॉलर धरली असती. माणिकराव म्हणाले, "हाव, मले बी तसंच वाटून राह्यलं." रहेमतुल्लाचा आवाजच बसला. त्यानं टोपी काढली आणि तो म्हणाला, "माणिक, मी बी भांडत नाही आता. सुनेशी सुदा नाही. मले वाटे मीच म्हातारा झालो." मग दोघंही हसले, खोकला लागेपर्यंत हसले, आणि शाहजादीभाभींनी आतून चहा पाठवला.

रविवारी बुलढाण्याच्या गाडीत खिडकीशी बसून माणिकराव बाहेरची तुरीची शेतं पाहत होते. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. पूर्वीही कधी ठरवलं नव्हतं. राग यायचा आणि तोच बोलायचा. आज मात्र आपण रिकाम्या हातानं लग्नाला निघालो आहोत असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आयुष्यातले सगळे मोठे राग एकेक करून आठवायला घेतले. हेडमास्तर. डेपोतला तो साहेब. अमडापूरच्या वेशीवरची एक मारामारी. आठवणी लख्ख होत्या, पण त्यांत एक गोष्ट सापडेना. समोरच्यानं उत्तर काय दिलं होतं? हेडमास्तर काय म्हणाले होते, तिला मागे का सरकवलं? माणिकरावांना स्वतःची वाक्यं तोंडपाठ होती, टेबलावर आपटलेला हात आठवत होता, काचेचा पेपरवेट उडाला तेही आठवत होतं. हेडमास्तरांचे ओठ हलताना दिसत होते. शब्द एकही नव्हता. आपण कधी कोणाचं उत्तर ऐकलंच नाही की काय? गाडी साखळी गाव सोडून पुढे आली, वारा गार लागू लागला, आणि ते हा एकच प्रश्न उलटसुलट करत राहिले.

समता स्टँडवर घ्यायला आली होती. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि चालता चालता दोनदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चूल पेटली की नाही ते पाहावं तसं. त्यांनी तिला खरं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण पाटी दिसली आणि राहून गेलं. पाटी खरोखरच लटकत होती. सिंधूताईंनी दार उघडलं. पासष्टीच्या, गोऱ्या, गुडघे धरून चालणाऱ्या बाई. समताला पाहून त्या ओशाळल्या, पण आत या म्हणाल्या, पाणी दिलं. माणिकराव खुर्चीत बसले. समता बाजूला ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि वाट पाहत होती. माणिकरावांनाही तिच्याबरोबर क्षणभर वाट पाहावीशी वाटली. मग ते म्हणाले, "ताई, माह्या लेकीले खोल्या देतो म्हणाले होते तुम्ही. मंग काऊन नाही म्हटलं?" आवाज इतका साधा निघाला, की समतानं झटकन वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते माणिकरावांनी ओळखलं. अमडापूरच्या ओट्यावरून त्यांनीही बापाकडे तसंच पाहिलं होतं. ते त्यांना फार लागलं, पण ते उठले नाहीत.

"भाचा येऊन राह्यला ना भाऊ," सिंधूताई म्हणाल्या. "पाटी अजून आहे," माणिकराव म्हणाले. तीही साधीच बाब म्हणून. "काढाची राहिली," बाई म्हणाल्या. माणिकरावांनी मान हलवली आणि गप्प बसले. पूर्वी असं गप्प बसणं त्यांना जमलंच नसतं. एव्हाना खुर्ची मागे पडली असती, ते बाहेर असते आणि बाईंची सुटका झाली असती. आता त्यांना घाईच नव्हती. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. बाईंना ती शांतता सोसेना. "वरती पाणी चढत नाही उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या. "तिनं पाह्यलं आहे ते," माणिकराव म्हणाले. "एकटी बाईमाणूस आहे, जबाबदारी येते." "ते तुमाले पहिल्या दिवशीच मालूम होतं ताई." बाईंनी पदर सारखा केला, गुडघा चोळला, दाराकडे पाहिलं. माणिकराव म्हणाले, "मी भांडाले नाही आलो. कारण ऐकाले आलो. तुम्ही सांगान तोवर बसतो." आणि ते खरोखरच बसले. बाईंनी मग जमिनीकडे पाहत सगळं एका दमात सांगून टाकलं. "मले काही वाटत नाही भाऊ. पण तुमच्या जातीच्याले ठेवलं तं आमचे लोक बोलतात. गल्लीतल्या बाया माह्या घरी हळदीकुंकवाले येणार नाहीत. देवघराच्या वरतीच येतात त्या खोल्या. मले एकटीले इथंच मराचं आहे, सगळ्याइले धरून राहा लागते."

माणिकरावांनी हे वाक्य सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकलं. सत्तर वर्षं हे त्यांच्या मागे-पुढे वावरत होतं, पण पुरतं कधी कानी पडलं नव्हतं. कोणी तोंड उघडायच्या आतच ते गरजायचे. आता लक्षात आलं, की ते गरजायचे ते कशाच्या भीतीनं. हे ऐकावं लागू नये म्हणून. आणि बापही हसायचा तो त्याचसाठी. मास्तरांनी कारण सांगू नये म्हणून आधीच चालते जी म्हणून मोकळा व्हायचा. बाप आणि लेक, एक हसून पळायचा, एक ओरडून. दोघांनीही ते वाक्य चुकवलं होतं. माणिकरावांना बापाची अनावर माया आली, आणि मग दुखलं. राग नव्हे. नुसतं दुखलं, दारात बोट सापडावं तसं, सरळ आणि स्वच्छ. ते दुखणं सोसून पाहिलं तर सोसवत होतं. ते म्हणाले, "बरं ताई. खरं सांगितलं तुम्ही. पण खोल्या मले नव्हत्या पायजे, हिले पायजे होत्या. आता हेच हिच्याकडं पाहून सांगा."

सिंधूताईंनी मान वर केली. समता त्यांच्याकडेच पाहत होती, रोखून नव्हे, वर्गात एखाद्या मुलीच्या उत्तराची वाट पाहावी तशी. बाईंचे ओठ हलले. मगाशी जे एका दमात निघालं होतं त्यातला एक शब्द आता निघेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या चाचरत म्हणाल्या, "पाहते मी. भाच्याले विचारून पाहते." समता उठली. "भाचा नाही आहे काकू," ती म्हणाली. "अन् मले आता हे घर नाही पायजे. पाटी मात्र खरी लिहा. दुसऱ्या कोणाले पडद्याचं माप घेऊ देऊ नका." आवाज चढलेला नव्हता. माणिकराव तिच्यामागून बाहेर पडले.

दोघं गल्लीच्या तोंडाशी आले. मग समता म्हणाली, "तुम्ही ओरडाल म्हणून मी आणलं होतं तुम्हाले." "मालूम आहे मले," माणिकराव म्हणाले. "आता येतच नाही तो. वयानं आटला म्हणते नौमान. फसवलं मी तुले." ती थांबली. "राग नाही आला?" "नाही. दुखलं." समतानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचा फळ्यासमोरचा आवाज पहिल्यांदा मोडला. "मलेही," ती म्हणाली. "शाळेतही दुखलं होतं बाबा. मी सांगणार होते तुम्हाले त्या दिवशी. पण तुम्हाले इतका राग आला होता, की मले सांगताच नाही आलं." एवढी वर्षं पोरगी आपल्या रागाला लाजली असं ते समजत होते. तिला फक्त काहीतरी सांगायचं होतं. रस्त्यावर माणसं जात-येत होती, एक रिक्षावाला हॉर्न वाजवून बाजूनं गेला. माणिकराव म्हणाले, "आता सांग." आणि समतानं चालता चालता सांगितलं. रांगेत कोण पुढे होतं, शाळेतल्या बाई काय म्हणाल्या, मैत्रिणीनं हात कसा सोडला. ते मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. सांगून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "अजून एक घर पाह्याचं आहे, कारंजा चौकाच्या मागं. येता?"

ते घर लहान होतं, बैठं, मागे दोन खोल्या. समतानं कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत पदर सारखा केला. एक टक्कल पडलेला माणूस दारात आला, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. त्यानं कोण, म्हणून विचारायला तोंड उघडलं, पण समतानं त्याला बोलू दिलं नाही. "मी समता माणिकराव हिवाळे. कॉलेजात शिकवते. आम्ही बौद्ध आहोत. हे माहे वडील. खोल्या पाह्याले आलो." एवढं बोलून ती थांबली. माणिकराव त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. ते लेकीकडे पाहत होते. उत्तर काहीही येवो, ते ऐकायला ती उभी होती, आणि तेही.

माणसानं दोघांच्या पायांकडे पाहिलं. "चपला बाहेर काढा बाई," तो म्हणाला, "आताच फरशी पुसली, ओली आहे."